श्रावणातली पणजी आणि आठ फेऱ्या

आईला समुद्र बघायचा नव्हता. तिला गोव्यातलं मंगेशीचं देऊळ बघायचं होतं. मला पणजी बघायची होती, आणि दोघांचं मिळून पंचवीस हजारांत बसवायचं होतं. बायकोच्या शाळेत चाचणी परीक्षा, त्यामुळे ती येणार नव्हती. ‘तुम्ही दोघं जा, मला चार दिवस शांतता,’ असं ती म्हणाली तेव्हा बेत पक्का झाला.

तयारी

इंदूरहून रेल्वेने गोवा म्हणजे रात्रीची अवंतिका धरून सकाळी मुंबई सेंट्रल, तिथून सामान ओढत दुसरं स्टेशन, मग कोकण रेल्वे. जाण्यायेण्यात चार दिवसांतले दोन-अडीच संपतात आणि ७१ वर्षांच्या बाईची कंबरही. विमान दीड-पावणेदोन तासांत पोचवतं. तेव्हा प्रश्न एकच उरला, कधी जायचं?

दोन-तीन आठवडे मी रोज रात्री भाडी बघत होतो. शुक्रवारी जाऊन रविवारी परत यायचं म्हटलं की आकडा दुप्पट. १५ ऑगस्टच्या आसपास तर बोलायलाच नको. पण ती सुट्टी संपली की पुढच्या मंगळवारी भाडं धपकन खाली येतं. कारण सरळ आहे. पाऊस असतो, मुलांच्या शाळा असतात, आणि मराठी माणसाचा श्रावण असतो. श्रावणात गोव्याला जाऊन खायचं काय आणि प्यायचं काय, असा विचार करून बरेच जण जात नाहीत. म्हणून खोल्याही स्वस्त. आमच्याकडे गणपती बसतो, त्यामुळे त्याआधी घरी परतायचंच होतं. मंगळवार ते शुक्रवार ठरलं.

पडद्यावर दिसतं ते भाडं नव्हे, हे एकदा लिहून ठेवतो. तीन हजार चारशेचं तिकीट पैसे भरेपर्यंत जवळपास चार हजारांवर गेलं. सीट निवडायचे पैसे, पैसे भरायचे पैसे, आपोआप टिक झालेला विमा. विम्याची टिक काढली, सीट निवडली नाही. काउंटरवर ‘आईचा पहिलाच प्रवास आहे’ म्हटल्यावर त्या मुलीने शेजारच्या दोन जागा दिल्या आणि आईला खिडकी. जाऊन-येऊन दोघांचे १६,४०० झाले.

दुसरी गोष्ट मी उशिरा शिकलो. गोव्यात विमानतळ दोन आहेत. जुना दाबोळी, झुआरी नदीच्या दक्षिणेला, आणि पेडणे तालुक्यात महाराष्ट्राच्या सीमेजवळचा मोपा, जिथून जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. तिकिटावर एकाचा कोड जीओआय, दुसऱ्याचा जीओएक्स. स्वस्ताच्या नादात मी जाताना दाबोळीचं आणि येताना मोपाचं काढलं होतं आणि ते मला गुरुवारी रात्री कळलं. पणजी मध्ये आहे, दोन्हीकडून साधारण तासाभराची, म्हणून निभावलं. दक्षिण गोव्यात उतरलो असतो तर टॅक्सीतच वाचवलेले पैसे गेले असते.

सामानाला हातात सात किलो आणि विमानाच्या पोटात पंधरा किलो. शेजारच्या रद्दीवाल्याकडून लटकवायचा काटा आणून मी बॅगा तोलल्या. आईची बॅग कपड्यांमुळे चार किलो आणि लौंग सेवेमुळे पाच.

मंगळवार

विमानतळाच्या वाटेवर बिजासन टेकडी दिसली तसे आईने हात जोडले. तिथपर्यंत सगळं ठीक होतं. तपासणीत तिची पिशवी यंत्रातून गेली आणि बाजूला काढली गेली. आतून सोललेला नारळ निघाला.

‘मंगेशाला आहे,’ आई त्या जवानाला म्हणाली.

‘माताजी, आप गोवा जा रही हैं,’ तो म्हणाला. ‘वहाँ नारियल ही नारियल है.’

नारळ नेता येणार नव्हता. तिने तो त्याच्याच टेबलावर ठेवला, वर त्याला बजावलं की फेकू नको, चटणी कर. इंदूरहून गोव्याला नारळ नेणारी बाई त्यांनी त्या दिवशी एकच पाहिली असेल असं मला वाटत होतं, पण त्याच्या चेहऱ्यावरून तसं काही दिसलं नाही.

उडाल्यावर पाचेक मिनिटं आईने माझं मनगट धरून ठेवलं. मग ढगांत एक फट पडली आणि खाली गढूळ, रुंद नर्मदा दिसली. आगगाडीत असली तर ती पुलावर नाणं टाकते. इथे खिडकीच्या काचेला बोट लावून म्हणाली, ‘ही उघडत नाही का रे?’ नाणं तिने परत बटव्यात टाकलं. म्हणाली, पुढची नदी आली की बघू.

दाबोळी हा मुळात नौदलाचा तळ, त्यामुळे उतरताना फोटो काढू नका अशी सूचना झाली. बाहेर ओला-उबर चालत नाही. प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवरचे दर वाचून मी कदंबच्या बसकडे वळलो. गोव्याच्या सरकारी बसला कदंब म्हणतात, गोव्यावर राज्य केलेल्या कदंब घराण्यावरून. बस वातानुकूलित होती, सामान ठेवायला जागा होती, आणि टॅक्सीच्या मानाने भाडं काहीच नव्हतं.

कुठ्ठाळी आली तेव्हा आई सावरून बसली. ‘हे मंगेशाचं मूळ गाव,’ तिने मला सांगितलं. पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा, १५६० साली, भक्तांनी मंगेशाचं लिंग इथून उचललं आणि नदीपार प्रियोळला नेलं. तिकडे तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं. आमची बस आता त्याच झुआरीवर चढली, तारांनी टांगलेल्या त्या नव्या उंच पुलावरून. खाली पावसाने फुगलेली नदी आणि दोन-चार बार्जेस.

‘देवाला होडीतून जावं लागलं,’ आई म्हणाली. ‘आपण बसमधून.’ नाण्याचं मात्र पुन्हा जमलं नाही, एसी बसच्या खिडक्याही उघडत नाहीत.

पणजीत आम्ही मळ्यात राहिलो. फोंतैन्यासला लागून असलेली जुनी वस्ती. घराच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या भाड्याने देणारं एक कुटुंब. रात्रीला १,६००, हंगामात हीच खोली तीन-साडेतीन हजारांना जाते असं त्या काकूंनीच सांगितलं. आमचं बोलणं दोन मिनिटं ऐकून त्यांनी विचारलं, ‘तुम्ही नागपूरचे?’ इंदूरच्या मराठी माणसाला महाराष्ट्रात सगळीकडे हाच प्रश्न येतो, गोवाही सुटला नाही. ‘येऊन राहिलो’, ‘करून राहिलो’ ऐकलं की लोक नागपूर म्हणतात. काकू घरात कोंकणी बोलत होत्या, आमच्याशी मराठी, आणि टेबलावर पेपर मराठी होता.

संध्याकाळी पाऊस थांबला. जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळीत जन्मलेला हा पाद्री फ्रान्समध्ये जाऊन संमोहनावर काम करणाऱ्या सुरुवातीच्या लोकांपैकी एक झाला. पुतळ्यात तो हात पसरून उभा आहे आणि समोर एक बाई मागे कोसळते आहे. आईने चष्मा पुसून बघितलं. ‘अंगात आलंय तिच्या,’ ती म्हणाली, आणि पुढे निघाली. संमोहनाची याहून सुटसुटीत व्याख्या मला तरी माहीत नाही.

मग मांडवीच्या काठाकाठाने चालत फेरीच्या धक्क्यावर पोचलो. पलीकडे बेती. लोखंडी, सपाट, पुढून जबडा उघडणारी बोट. ऑफिसातून सुटलेले लोक, स्कूटर, माशांच्या रिकाम्या टोपल्या घेतलेल्या दोन बायका. मी तिकिटाची खिडकी शोधत होतो.

‘तिकीट ना,’ मागचा माणूस म्हणाला. ‘चलत वचप्यांक फुकट.’ चालत जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. सरकारच चालवतं.

आईने हे दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग बोटीच्या कठड्याला रेलून उभी राहिली, बटव्यातून ते नाणं काढलं आणि मांडवीत टाकलं. पलीकडे उतरलो, काही बघितलं नाही, त्याच बोटीने परत आलो. तिला पुन्हा जायचं होतं, मी नको म्हटलं.

बुधवार

सकाळी सहा-साडेसहाला खाली भोंगा वाजला, रबरी, सायकलचा. पोदेर आला होता, पाववाला. आई माझ्याआधी खाली. टोपलीत चार प्रकारचे पाव, त्यातली पोई तिला पसंत पडली. वर कोंडा, आत पोकळ, गरम. तिने पोई फाडली, आत लौंग सेव भरली, वर काकूंनी दिलेली नारळाची चटणी. पोह्यांवर जिरवण मसाला आणि सेव घालून वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये, पण मी सांगतो, इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत हे कोणी विकायला ठेवलं तर रांग लागेल.

स्कूटर एका दिवसाला ४०० रुपयांना मिळाली, दोन हेल्मेटांसकट. भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात, तेवढं बघून घ्यावं. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्तात देणारे भेटतात आणि पुढे पोलिसही भेटतात. आई इंदुरात राजवाड्याला रोज माझ्या मागे बसून जाते, तिला स्कूटरचं काही नाही.

पणजीहून रायबंदरला जाताना खाजणातून एक लांब बांध लागतो. १६३३-३४चा, पोर्तुगीजांनी बांधलेला, आणि आजही त्यावरून बस धावते. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं, पावसात नुसतं पाणी. पावसाची सर आली तसे एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली थांबलो. मी राजगिऱ्याची चिक्की खाल्ली आणि कागद खिशात ठेवला. समोर कचऱ्याचा डबा नव्हता. इंदूरच्या माणसाची ही गोची आहे, गेली इतकी वर्षं शहर स्वच्छतेत पहिलं आल्यापासून हात कागद सोडतच नाही. परत येईपर्यंत माझ्या खिशात चार कागद साठले होते.

जुन्या गोव्यात बॉम जीझस बघितलं. १६०५चं चर्च, बाहेरून लाल जांभ्याचं, गिलावा नसलेलं. आत सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव चांदीच्या पेटीत उंचावर. तो १५५२मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर वारला आणि शव इथे आणलं गेलं. आई शांतपणे उभी राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘हाही बोटीतूनच आला की.’ देवळं कोणाच्या राज्यात पाडली गेली ते तिला माहीत होतं, सकाळीच तिने मला ते सुनावलं होतं. पण मेणबत्तीही तिनेच लावली.

तिथून नदीकडे उतरताना व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाच्या पणतूने, तो इथे व्हाइसरॉय होता तेव्हा, पणजोबाच्या आठवणीसाठी उभारलेली. वर कोनाड्यात गामाचा पुतळा. नवा व्हाइसरॉय पूर्वी या कमानीखालून गावात शिरायचा. आम्ही उलटे, गावाकडून धक्क्याकडे, दहा-बारा स्कूटरींच्या गर्दीत. समोर फेरी उभी. दिवाडी बेटाची.

या दिवशी मला खरं जायचं होतं ते नार्व्याला. आईला त्याबद्दल फारसं माहीत नव्हतं, म्हणून मी भाव खात होतो. सप्तकोटेश्वर कदंब राजांचं दैवत, मूळ देऊळ दिवाडी बेटावर. ते पाडलं गेलं आणि लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेलं गेलं. तिथे शिवाजी महाराजांनी १६६८ साली देऊळ नव्याने बांधवलं. इंदुरात शिवजयंतीची मिरवणूक दरवर्षी बघतो, पण महाराजांनी स्वतः बांधायला लावलेलं गोव्यातलं देऊळ बघायला मिळेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

दिवाडी म्हणजे बेट आहे हे उतरल्यावर विसरायला होतं. दोन्हीकडे भातशेती, इतकी हिरवी की डोळ्यांना गारवा. बगळे, साकव, मधूनच एक पांढरं चर्च, मधूनच तुळशीवृंदावन असलेलं कौलारू घर. रस्त्यावर आम्ही आणि एक म्हैस. थोडं पुढे गेल्यावर रस्ता सरळ पाण्यात संपतो. तिथे दुसरी फेरी.

तिची वाट बघत अर्धा तास गेला. धक्क्यावर एक म्हातारे गृहस्थ छत्री टेकून बसले होते. आई त्यांच्याशेजारी बसली. त्यांनी विचारलं, ‘तुमी खंयचे?’ इंदूर म्हटल्यावर त्यांना अहिल्याबाई आठवल्या. आईने लगेच महेश्वर सांगितलं, त्यांनी काशी सांगितली, मग दोघं बाराही ज्योतिर्लिंगांवरून फिरून आले. ते कोंकणीत, ती आमच्या इंदुरी मराठीत. कोणी कोणाला ‘काय म्हणालात?’ असं एकदाही विचारलं नाही. मी मात्र तीन-चार वाक्यांत अडलो.

नार्व्याचं देऊळ मोठं नाही, हे आधीच सांगतो. ठेंगणं, बसक्या घुमटाचं, समोर दीपस्तंभ, मागे गर्द झाडी. दारावर जीर्णोद्धाराचा शिलालेख आहे. आतलं लिंग धारालिंग, म्हणजे अंगावर उभ्या धारा, पैलू असलेलं. आम्ही दोघं आणि गुरुजी. पावसाच्या आवाजाखेरीज काही नाही. आई गाभाऱ्यासमोर इतका वेळ बसली की मी बाहेर येऊन दीपस्तंभाची पावलं मोजली, चपला पुसल्या, पुन्हा आत जाऊन आलो.

‘हा पण नदीपार,’ ती उठताना म्हणाली. पुढे काही बोलली नाही. येताना तीच दोन फेऱ्या. दोन्हीकडे स्कूटरसकट आमच्याकडून कोणी काही मागितलं नाही.

गुरुवार

स्कूटर परत केली आणि फोंड्याच्या बसमध्ये बसलो. मंगेशी रस्त्यावरच उतरवतात. नार्व्यानंतर हे देऊळ म्हणजे वैभव. सात मजली पांढरी दीपमाळ, मोठं तळं, आत चांदी, झुंबरं. आईने बाहेरच्या दुकानातून नारळ घेतला आणि विमानतळावरच्या त्या जवानाची आठवण काढली, अर्थात चटणी केली असेल का याचीच.

दीनानाथ मंगेशकर इथले, १९०० सालचा जन्म. मंगेशीचे म्हणून मंगेशकर. आणि लताबाई जन्मल्या आमच्या इंदूरच्या शीख मोहल्ल्यात, २८ सप्टेंबर १९२९ला. हे आम्हा इंदूरकरांना शाळेत कोणी शिकवत नाही, जन्मतःच येतं. आईने ते दुकानदाराला सांगितलं. त्याने ते रोज दहा जणांकडून ऐकत असणार, तरी नारळाचे पाच रुपये कमी केले.

दुपारी पणजीत मार्केटजवळ जेवलो. आईला मी ‘शिवराक’ हा शब्द शिकवला होता, शाकाहारीला इथे तसं म्हणतात. श्रावण म्हटल्यावर तिच्यापुढे खतखतं आलं, पाच-सहा भाज्या आणि कंदांचं, तिरफळाच्या वासाचं. तिरफळ चावू नये, बाजूला काढावं. तिने चावलं. जीभ बधिर झाली आणि दहा मिनिटं तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

आता कबुली. जूनजुलैची मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते, ऑगस्टात ट्रॉलर पुन्हा निघतात, बाजारात बांगडा ताजा असतो. आई दुपारी झोपली. मी ‘जरा फिरून येतो’ म्हणालो. रवा लावून तळलेला बांगडा, सोलकढी, उकड्या तांदळाचा भात. परत आलो तेव्हा आई जागी होती. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं.

‘लिंबाने हात कशाला धुतलेस रे?’

मी ऐकू न आल्यासारखं केलं. एवढ्या वयात एवढंच येतं.

संध्याकाळी मळ्यातल्या गल्लीत एक गणपतीची चित्रशाळा उघडी दिसली. चिकणमातीच्या मूर्ती, काही रंगवलेल्या, काही अजून करड्या, प्रत्येकीच्या पाटाखाली घराण्याच्या नावाची चिठ्ठी. गोव्यात चवथीसाठी माणसं जगात कुठूनही घरी येतात, असं मूर्तिकार म्हणाला, आणि तुम्ही लोक चवथीआधी घरातून बाहेर कसे पडलात, असंही. आमचा गणपती रामबागेतल्या ओळखीच्याकडे सांगून ठेवलाय, असं आईने त्याला खुलासेवार सांगितलं, जणू त्याची परवानगी लागणार होती.

मग पुन्हा बेती. अंधारात मांडवीवर कॅसिनोच्या बोटी लखलखत होत्या, एकेकीवर इंदूरच्या सराफ्यातल्या दिवाळीइतके दिवे. ‘तिथे जायला किती घेतात?’ आईने विचारलं. दोघांचे हजारो रुपये, मी म्हणालो. तिने मान हलवली आणि आमच्या बोटीच्या कठड्यावर हात फिरवला. इंजिनाचा धूर येत होता, कोणाच्या तरी पिशवीतून कोथिंबिरीचा वास येत होता.

खोलीवर येऊन वेब चेक-इन करायला बसलो तेव्हा जीओएक्स दिसलं. काकूंना विचारलं. ‘मोपा ना, स्टँडवरून कदंब जाते की,’ त्या म्हणाल्या. माझी छाती पुन्हा जाग्यावर आली.

शुक्रवार

पोदेर, पोई, उरलेली सेव. बसने मोपा. विमानतळ नवा, प्रशस्त, चहा न परवडणारा. बॅगेत आठ पोई आणि किलोभर काजू. ढग इतके की परतताना एकही नदी दिसली नाही.

रात्री घरी मी हिशेबाची वही काढली. २६,१००, म्हणजे बेतापेक्षा अकराशे जास्त, आणि ते काजूंनी खाल्ले. वही टेबलावर ठेवून झोपलो. सकाळी बघतो तर शेवटच्या ओळीखाली आईच्या अक्षरात एक नोंद वाढली होती.

फेरीबोट, ८ वेळा, ० रुपये. त्याखाली: बांगडा, १ वेळा, लिहिला नाही.